मशीनमध्ये काही खोट नाही

आमच्या घरी कॉम्प्युटर आला तेव्हा मीरा रोडच्या आमच्या मजल्यावर फोनसुद्धा एकाच घरात होता. आला तोही तुकड्या-तुकड्यांनी. भाईंदरचा एक दुकानदार पिशव्यांतून सुटे भाग घेऊन आला आणि माझं शिवणाचं टेबल अडवून त्यानं ते जोडले. माझी शिलाई मशीन गेली पलंगाखाली. मला कुणी विचारलंही नाही.

आमचे हे प्रेसमध्ये खिळे जुळवायचे. एकेका अक्षराचा शिशाचा खिळा उचलायचा, ओळ लावायची, ओळींचं पान करायचं. त्या कामात ह्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं, हे मी बायको म्हणून नाही सांगत, मालकच सांगायचे. मग त्याच मालकांनी प्रेस बंद केली. हिशेबाचे जे पैसे हाती आले ते ह्यांनी कॉम्प्युटरमध्ये घातले. मी आदळआपट केली, पण दुसरी वाट होती समोरच्या बिल्डिंगची वॉचमनची जागा. तिथले सोसायटीवाले येऊन विचारून गेले, तेव्हा हे "बघतो" म्हणाले आणि ताटावर बसून नुसते भात चिवडत राहिले. त्यानंतर मी तोंड बंद ठेवलं.

पहिलं काम आमच्या गावच्या मुंबई मंडळाच्या स्मरणिकेचं मिळालं. मंडळाचे चिटणीस म्हणाले, हे नीट वेळेत द्या, मग मंडळाचं सगळं छापायचं काम तुमच्याकडेच. मराठी टायपिंग ह्यांना प्रेसच्या ऑफिसातल्या टाईपरायटरमुळे येत होतंच, म्हणून क्लासला गेले नाहीत. दुकानदारानं मजकूर कुठं टाईप करायचा ते दाखवलं आणि सगळं झालं की मला बोलवा, मी फ्लॉपीवर घेऊन देतो, म्हणाला. हे सकाळी आंघोळ करून, शर्ट घालून, कामावर जातात तसे त्या टेबलाशी बसले.

दुपारी आमच्या बिल्डिंगचा पंप सुरू झाला. पंप सुरू झाला की सगळ्यांनी हातातलं टाकून नळाकडे धावायचं, कारण पाणी किती वेळ टिकेल ते वरच्यालाच ठाऊक. मी नळाशी, हे पिंपाशी. भरून झाल्यावर हे हात पुसत टेबलाशी गेले तर पडदा कोरा. सकाळपासूनची पानं गायब.

"खाल्लंन ह्यानं," हे म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी, दुकान उघडायच्या आधी, दुकानदार आला. ह्यांनी सांगितलं की मशीन मजकूर खातंय. त्यानं मशीनचा डबा उघडला. इकडची मिठागरांची हवा खारट, त्यानं गंज धरतो, असं म्हणत मेमरीची पट्टी काढून चक्क शाळेच्या खोडरबरानं घासली. परत लावली. कसली तरी चाचणी लावली, आकडे पळाले, तो खूश. हे पुन्हा बसले, पुन्हा पंप लागला, पुन्हा पडदा कोरा.

मग तो येतच राहिला. फालतू फॉन्ट काढून टाकले. रंग कमी केले. काळ्या पडद्यावर कसल्याशा सेटिंग बदलल्या. डब्याचं झाकण काढून माझा टेबलफॅन आत वारा घालायला लावला आणि आम्ही घामाघूम. मशीन दर खेपेला आधीपेक्षा जोरात पळायचं, आणि दर खेपेला दुपारी खायचं. तो गेला की हे पुन्हा पहिल्या पानापासून, मंडळाच्या दिवंगत सभासदांपासून. ती नावं मला पाठ झाली. मी देवाला हात जोडले, मशीनला शिव्या घातल्या, दोघांनाही काही फरक पडला नाही. ह्यांचा चेहरा रोज उतरत चालला होता आणि माझ्याने काहीएक होत नव्हतं.

चिटणीस पानं न्यायला संध्याकाळी येणार, तो शेवटचा दिवस. दुकानदार सकाळी आला, सगळं तपासलं, निघाला. मी दाराला कडी घातली आणि आडवी उभी राहिले. म्हटलं, आज जेवून जायचं, पण मशीन खातं कसं ते डोळ्यांनी बघून जायचं. बिचारा बसला. ह्यांना म्हटलं, पंप लागू दे नाहीतर आग लागू दे, तुम्ही खुर्चीवरून उठायचं नाही.

हे जुळवत होते. छान हात बसला होता. दुपार झाली, खाली पंप घरघरला, आमचा बल्ब मिणमिणला आणि पडदा काळा झाला. मग मशीन आपलं आपण पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं. एवढंच. आम्ही रोज पाणी भरायला जायचो आणि हे असं व्हायचं.

दुकानदाराला जराही धक्का बसला नाही. "व्होल्टेज गिरा, आंटी. अंकल, सेव्ह तो किया था ना?"

"ते काय असतं?" ह्यांनी विचारलं.

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मग एक बटण दाखवून सांगितलं की हे दाबलं नाही तर लिहिलेलं कुठेच राहत नाही. हे ऐकत होते, पण त्यांना ते पटतच नव्हतं. प्रेसमध्ये पान जुळवून दोऱ्यानं बांधलं की महिना झाला तरी तिथंच. आपण स्वतः खिळे मोडून खणांत परत टाकेपर्यंत ते कुठं जाणार? जुळवलेलं राहतं, हे काय कुणाला विचारायचं असतं?

"सांडलं असतं तर वेचलं असतं मी," हे म्हणाले. आवाज इतका बारीक की मला रडूच फुटलं.

दुकानदारानं जाताना पुन्हा एकदा चाचणी लावली आणि मशीनमध्ये काही खोट नाही असं सांगितलं. मला तर ते मोडकं निघायला हवं होतं. मोडक्याला दुरुस्त तरी करता येतं. ह्यांनी त्याला एकच विचारलं, "असं अजून काय काय आहे, जे मला माहीत नाही?" तो "सीख जाओगे, अंकल" म्हणाला आणि चपला घालून गेला.

चिटणीस आले. रागावले नाहीत, चहा घेतला, मजकुराचे हाती लिहिलेले कागद परत पिशवीत घातले आणि दुसरीकडून करून घेतो म्हणाले. मी ह्यांना म्हटलं, आता कळलंय ना, दाबू की ते बटण. हे उठले, तोंड धुतलं, केस विंचरले आणि समोरच्या बिल्डिंगमध्ये जाऊन येतो म्हणाले. मी अडवलं नाही.

मशीन चालूच राहिलं होतं. मस्त चाललं होतं, न अडखळता. ते बंद कसं करायचं, हे मला माहीत नव्हतं. मी हात मांडीवर ठेवून त्याच्यासमोर बसून राहिले.