डबी उजेडाला धरणाऱ्या बाई

बाईंना जगातल्या बहुतेक गोष्टींची किळस यायची. जिन्यातल्या पिचकाऱ्या, दवाखान्याच्या दाराशी कुजणारा कचऱ्याचा ढीग, साहेबलोकांचं गोड बोलणं, या सगळ्याला त्यांचा एकच शब्द होता, "शी!" तो नाकातून यायचा नाही, पोटातून यायचा. म्हणून दिंडोशीच्या त्या दवाखान्यात आम्ही टीबीचे पेशंट त्यांच्या माघारी त्यांना शीबाई म्हणायचो. किळस यायची नाही ती फक्त बेडक्याची. तपासणीची डबी त्या झाकणासकट खिडकीच्या उजेडाला धरायच्या, सराफ खडा बघतो तशी फिरवून बघायच्या आणि तिथल्या तिथे निकाल द्यायच्या. "ही लाळ आहे. लाळ मला नको, ती तुझ्या पोळीला लागेल. छातीतून काढ. जा मागच्या मोकळ्या जागेत आणि परत खोक."

मी वाशीमकडचा. आठवीतून शाळा सुटली आणि मामाच्या ओळखीनं गोरेगावात शूटिंगच्या सेटवर सुतारकामाला लागलो. प्लायवूड कापायचं, पीओपीच्या भिंती उभ्या करायच्या, चार दिवसांत महाल बांधायचा आणि पाचव्या दिवशी मोडायचा. खोकला लागला तेव्हा भुकटी गेली असेल छातीत म्हणून मी दोन महिने गूळ खात बसलो. सेटवर सगळेच खातात. गुळानं छाती साफ होते म्हणे. माझी काही झाली नाही. वजन उतरलं, अंगात बारीक ताप राहायला लागला, आणि एक दिवस बाईंच्या टेबलासमोर बसून मी ढसाढसा रडलो. घर इतकं लांब, आणि आईला काय सांगू?

"रडून झालं की सांग," बाई म्हणाल्या. "सहा महिने गोळ्या. एक दिवस चुकवलास तर तुझ्या सेटवर येईन आणि हिरोच्या समोर तुला गोळी भरवीन. चालेल?" मी नाही म्हटलं. मग त्यांनी विचारलं, "खोलीत कोण कोण राहतं?"

"एकटाच राहतो," मी म्हणालो.

हे खोटं होतं. आम्ही दोघं राहत होतो, मी आणि दिलीप. तोही सेटवरच, रंगकामाला. पण घरमालकाला कळलं तर दोघांचं सामान रस्त्यावर येईल, या भीतीनं माझ्या तोंडून ते निघून गेलं. बाईंनी माझ्याकडे जरा वेळ बघितलं आणि लिहून घेतलं.

त्यांच्या पर्समध्ये एक फाटकी डायरी असायची. तिच्यात सुरत, इंदूर, पुणे, हैदराबाद अशा गावांच्या नावाखाली एकेक फोन नंबर. त्या त्या शहरातल्या, त्यांच्यासारखंच टीबीच्या पेशंटना गोळ्या द्यायचं काम करणाऱ्या माणसांचे. आम्ही पेशंट काय, काम नेईल तिकडे जाणारे. सहा महिने एका जागी टिकतो कोण? कॉम्प्युटरवर आमचं नाव इकडून तिकडे जायचं, पण माणूस पोचला का, हे कॉम्प्युटर विचारत नाही. बाई विचारायच्या. त्यांची हिंदी म्हणजे अर्धी मालवणीच. "भाऊ, मेरा पेशंट सोमवार को आयेगा. नहीं आया तो उसके काम पे जाके पकडो. उसका रडका तोंड मत देखना, डबी देखना." फोन ठेवला की आम्हाला म्हणायच्या, "रोग गावोगाव फिरतो आणि गोळ्या मात्र इथल्या कपाटात बसून राहतात. शी!"

दोन महिन्यांच्या गोळ्या झाल्या आणि हैदराबादचं काम आलं. चार महिन्यांचा मोठा सेट. ठेकेदार म्हणाला, "खोकणारा माणूस मला नको. दवाखान्याची चिठ्ठी आण, मग चल." त्याच आठवड्यात माझी दुसरी तपासणी होती. मला अजून अधूनमधून खोकला होता, आणि माझी खात्रीच पटली की डबीत दोष निघणार, काम जाणार. मी रात्रंदिवस तेवढंच घोकत होतो. शेवटी दिलीपला म्हटलं, "तू धडधाकट आहेस. तूच खोक ना यार या डबीत."

"झकास आयडिया," तो म्हणाला आणि तोंडातला गुटखा एका गालातून दुसऱ्या गालात सरकवला. त्यालाही सकाळी सकाळी खोकला यायचा. आम्ही दोघं तो गुटख्याचा समजत होतो.

दुसऱ्या दिवशी बाईंनी डबी उजेडाला धरली. फिरवली. परत फिरवली.

"गुटखा खातोस?"

"नाही बाई. आईशपथ."

"मग तुझ्या फुप्फुसात सुपारीचं झाड लागलंय काय रे? हा बघ तुकडा."

रांगेतले लोक हसले. मला जमीन फाटावी असं झालं. बाई हसल्या नाहीत. त्या चिडल्या की थेट मालवणीत घुसायच्या. "मेल्या, कोणाचा ह्यां? खरां सांग!"

मी सगळं सांगितलं. दिलीप, खोली, ठेकेदार, चिठ्ठी. मला वाटलं त्या म्हणतील, शी. त्या शी म्हणाल्या नाहीत, आणि तेच मला जास्त लागलं. त्यांनी डबी बाजूला ठेवली, दिलीपला बोलावून घेतलं, तोंड धुवायला लावलं आणि त्याच्या स्वतःच्या नावाची नवी डबी त्याच्या हातात दिली. मला दुसरी. "दोघंही मागं जा. लांब लांब उभे राहा. आणि खोलातून काढा."

निकाल आला. माझी डबी साफ होती. दिलीपची नव्हती.

म्हणजे माझी लबाडी चालून गेली असती तर माझ्या नावावर त्याचा रोग लागला असता, माझं काम गेलं असतं, आणि दिलीप सहा-आठ महिने तसाच खोकत राहिला असता, कुणाला न कळता. आणि तो रोग त्याला बहुतेक माझ्याच खोकल्यातून मिळाला होता. मी पहिल्याच दिवशी "दोघं राहतो" म्हटलं असतं, तर? त्या दिवशी मला माझी जी किळस आली ती अजून पुरती गेलेली नाही. दिलीप मला एवढंच म्हणाला, "तू खोलीबद्दल खोटं बोललास? वाट लावलीस रे माझी." तो बरा झाला, पुढे सहा महिन्यांनी. गुटखा मात्र त्याचा सुटला नाही.

बाईंनी मला चिठ्ठी दिली आणि हैदराबादला फोन लावला. तिकडे यादगिरी नावाचे गृहस्थ होते, टक्कल, स्कूटर, कमी बोलणारे. सोमवारी मी सेटवर पोचायच्या आधी ते गेटवर उभे. मला बघून म्हणाले, "बंबई का बाई बोला, तुम झूठ बोलता है. गोली मेरे सामने खाओ." चार महिने मी त्यांच्यासमोर गोळी गिळली. परमुलखात कुणीतरी रोज आपली वाट बघतं, हे माझ्या बाबतीत घर सोडल्यापासून पहिल्यांदाच घडत होतं.

मी बरा होऊन परत आलो आणि एका संस्थेनं अंधेरीच्या मोठ्या हॉटेलात कार्यक्रम ठेवला. देशोदेशीच्या शहरांतली माणसं आली होती. शहरांनी रोगांविरुद्ध एकमेकांचे हात कसे धरायचे, यावर भाषणं. बाईंना बोलावलं होतं, आणि बरा झालेला पेशंट म्हणून मला. सगळ्यांना काचेचे ग्लास होते, मला कागदाचा. माझी खुर्ची रांगेच्या टोकाला, दोन खुर्च्या सोडून. मी बोलून खाली उतरलो तोच एक सूट घातलेला पोरगा आला आणि मी बसलो होतो त्या खुर्चीवर त्यानं जंतुनाशकाचा फवारा मारला. हसत हसत. समोर पडद्यावर दोन हात एकमेकांत गुंतल्याचं चित्र होतं.

बाईंच्या हातात माइक होता. "शी!" त्या म्हणाल्या. तो आवाज अख्ख्या हॉलभर गेला. "सहा महिने ह्यानं गोळ्या खाल्ल्या. तुमच्या खुर्चीपेक्षा ह्याची छाती साफ आहे. आणि यादगिरी कुठे आहेत?"

कुणालाच कळेना. पाहुणे शेजारच्याला विचारायला लागले, कोण यादगिरी?

"हैदराबादचे. ह्याला रोज गोळी देणारे. दोन शहरांनी हात धरले म्हणता, ते हात आमचे होते. त्यांना बोलावलं नाहीत?"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं भाषण संपलं. जेवणाच्या वेळी बाईंनी ताटाला हात लावला नाही. बाहेर येऊन टपरीवर आम्ही वडापाव खाल्ला, आणि त्या पहिल्यांदाच जरा थकल्यासारख्या वाटल्या. "मला रोगाची कधी भीती वाटली नाही रे," त्या म्हणाल्या. "ह्या फवारा मारणाऱ्यांची वाटते. उद्या त्यांच्या भीतीनं पेशंट लपून बसेल. तू बसलास तसा."

पुढच्या वर्षी त्यांचं कंत्राट वाढवलं नाही. कारण कुणी सांगितलं नाही. बारा वर्षं कंत्राटावरच काढली होती, तेव्हा निरोप समारंभही नाही. त्या वेंगुर्ल्याला भावाकडे गेल्या. दवाखान्यात मी एकदा जाऊन आलो. कचऱ्याचा ढीग जागच्या जागी होता आणि त्याला शी म्हणणारं कुणी नव्हतं.

मी आता हैदराबादलाच असतो. आई विचारते, इतक्या लांब कशाला? काय सांगणार? काम आहे. बाईंचा फोन येतो, अजून विचारतात, "गोळी घेतलीस?" आणि मग स्वतःच, "अरे हो."

परवा यादगिरींनी बोलावलं. मुलुंडचा एक लाईटमन, पन्नाशीचा, टीबी निघालेला. त्यांची हैदराबादी हिंदी त्याला नीट समजत नव्हती. मी गेलो. त्यानं आणलेली बंद डबी यादगिरींनी माझ्यापुढे केली आणि मी ती नकळत खिडकीला धरली. पाणीच होतं सगळं. म्हटलं, "काका, ही लाळ आहे. परत जा, खोलातून काढा." तो गेला, खोकला, घेऊन आला.

संध्याकाळी मी हे सगळं बाईंना फोनवर सांगितलं. जरा ऐटीतच सांगितलं. त्या ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "बरां केलंस. आणि खोलीत कोण कोण रवतत, विचारलंस?"

"विचारलं ना. एकटाच राहतो म्हणाला."

पलीकडून, थेट वेंगुर्ल्याहून, पोटातून आला तो शब्द.

मी फोन ठेवला, चपला घातल्या आणि त्याच्या खोलीकडे निघालो.