रस्ता मोडण्याचं श्रमदान

भटूभाऊंचा फोटो आला तेव्हा मी शिरपूरच्या स्टँडवर पोहे खात होते. फोटोखाली लिहिलं होतं, "ताई, सरप्राइज." फोटोत एक रस्ता होता. ताज्या मातीचा, सरळ, दोन बैलगाड्या समोरासमोरून आरामात जातील एवढा रुंद. मला वाटलं, कुठल्या तरी गावाला शेवटी रस्ता मिळाला आणि भाऊंनी आनंदाने कळवलं. मग कडेचं अंजनाचं झाड ओळखीचं वाटलं. फोटो मोठा करून पाहिला. खोडावर पांढरी पट्टी होती.

ती पट्टी आमची. पोहे तिथेच राहिले.

आमचं काम थोडक्यात सांगते, म्हणजे पोहे का राहिले ते कळेल. सातपुड्याच्या पायथ्याने, शिरपूरकडून चोपडा-यावलच्या बाजूला जाणारी एक लांब पायवाट आम्ही सांभाळतो. जळगाव-धुळ्याची कॉलेजं चालायला येतात, पुण्या-नाशिकचे लोक येतात. वाट आम्ही शोधलेली नाही. गुराख्यांच्या, बाजाराला आणि देवाला जाणाऱ्यांच्या जुन्या वाटा होत्या, त्या जोडल्या आणि झाडादगडांवर पांढऱ्या पट्ट्या मारल्या. वाटेचे टप्पे पाडले आणि एकेक टप्पा जवळच्या गावातल्या स्वयंसेवकांना दिला. सगळे फुकट राबतात. मी सगळ्या टप्प्यांची समन्वयक, मीही फुकटच. पोटासाठी क्लासमध्ये शिकवते. लोकांना वाटतं पायवाट काय, आपोआप असते. अजिबात नसते. लक्ष काढलं की घाणेरीची झुडपं तिला गिळतात आणि उतारावर पाणी तिचा नाला करून टाकतं.

पाण्यासाठी आम्ही तिरक्या घालतो. तिरकी म्हणजे वाटेवर जरा तिरपी गाडलेली दगडांची ओळ. वरून धावत आलेलं पाणी तिला अडतं आणि वाट सोडून बाजूच्या गवतात उतरतं. दगड निम्म्याहून जास्त जमिनीत जावा लागतो, नाहीतर दोन म्हशी गेल्या की तिरकी गेली. वाकपाणी गावाच्या चढावर सिंधूअक्का आणि तिच्या बचत गटाच्या बायकांनी दिवाळीनंतर तिरक्या घातल्या होत्या. अख्ख्या वाटेवर तशा देखण्या तिरक्या नव्हत्या. फोटोत त्यातली एकही दिसत नव्हती.

मी फोन लावला.

"भटूभाऊ, हे काय केलंत?"

"आवडना ना? साहेबनी गाडी आते थेट टेकडीवर जाई."

भटूभाऊ हे वाकपाणीचे टप्पाप्रमुख. स्वतःचं जेसीबी असलेला माणूस. शेततळं असो, घराचा पाया असो, त्या बाजूला सगळं त्यांच्या मशीनने होतं. कुणाची गाडी नाल्यात अडकली तर जेवण सोडून धावणारे. त्यांनी आदल्या दिवशी मशीन चढावर घातलं होतं, स्वतःचं डिझेल जाळून.

आणि परवा साहेब येणार होते. साहेब म्हणजे वनक्षेत्रपाल, त्या भागातल्या जंगलाचे अधिकारी. वाकपाणीचा चढ जंगलाच्या जमिनीत आहे. तिथली परमिशन तात्पुरती होती, आणि ती पक्की करायची की रद्द, हे साहेब बघून ठरवणार होते. अटी साध्या होत्या. वाट माणूस चालेल एवढीच. हातातली अवजारं वापरा. यंत्र आत आणायचं नाही. परमिशन गेली तर वाट मधोमध तुटणार, धुळ्याचं अर्धं इकडे आणि जळगावचं अर्धं तिकडे. आणि वाकपाणीतून कुणी चालणारच नसेल तर सिंधूअक्काच्या गटाने चालणाऱ्यांना जेवू घालायची सगळी तयारी केली होती, ती वाया. पहिला मोठा ग्रुप ठरलाही होता.

वाकपाणीच्या बसमध्ये मी मनातल्या मनात पत्रक लिहायला घेतलं. कॉलेजपासूनची सवय. राग आला की मला मथळा सुचतो. "जंगलावर यंत्राचा घाला! जबाबदार कोण?" दुसऱ्या ओळीला गाडी अडली. जबाबदार आपलाच टप्पाप्रमुख. पत्रक वाटणार कुणाला?

तरी राग कमी होईना, कारण रोग भटूभाऊंचा एकट्याचा नव्हता. आमच्या समितीचे अध्यक्ष, निवृत्त शिक्षक, आम्ही त्यांना सर म्हणतो. सरांनी ग्रुपवर मेसेज टाकला होता, "साहेब पाहणीस येत आहेत, टप्पा नीट करून ठेवावा." बस. साहेब येणार म्हटल्यावर नीट करणे याचा अर्थ आपल्याकडे प्रत्येकाच्या हाडात मुरलेला आहे. खड्डे बुजवा, कडेच्या दगडांना चुना मारा, गाडी दारापर्यंत आणा. साहेबाने चालायचं असतं हे कुणाच्या डोक्यातच येत नाही. पायवाटेची पाहणी आहे, पायवाटेची, तरीही येत नाही.

चढाशी पोचले तर सिंधूअक्का उपटलेल्या एका दगडावर बसली होती. भटूभाऊ समोर उभे. तोवर त्यांना सरप्राइजचं काय झालं ते कळलं होतं.

"भटू, तू मना पोर ऱ्हाता तं कान धरीसन घर लई जाती," अक्का म्हणाली.

भाऊंचं म्हणणं एवढंच होतं, की साहेबांचं वय झालंय, गुडघे दुखतात असं ऐकलंय, त्यांना चढावर पायी आणायचं बरं दिसतं का. वाईट हेतू कुठेच नव्हता. म्हणून मला नीट भांडताही येईना.

नुकसान मात्र नीट झालं होतं. आमची वाट त्या चढावर नागमोडी होती, म्हणजे माणूस आणि पाणी दोघंही दमाने उतरतील. मशीनने सगळी वळणं खोडून सरळ रेघ ओढली होती. कडेचा काठ कापला होता. तिरक्यांचे दगड ढकलून एका बाजूला ढीग. मोकळी माती तशीच पडलेली. ती पावसाळ्यात थेट खाली जाणार होती, आणि खाली अक्काचंच शेत होतं. त्यात तेव्हा हरभरा उभा होता.

मी सरांना फोन केला. सर शांतपणे म्हणाले, साहेबांना चोपड्याच्या बाजूने फिरवू. तिकडचा टप्पा सुरेख आहे. वांग्याच्या भरताचा बेत जोरदार ठेवू. वाकपाणीला पोचेपर्यंत दिवस मावळेल, मग कोण चढ बघतंय.

"सर, हेच दुसरे करतात तेव्हा आपण त्यांच्याविरुद्ध पत्रक काढतो."

"तुझी पत्रकं जरा बाजूला ठेव. जंगलात यंत्र सापडलं तर जप्त होतं, माहीत आहे ना? भटूचं मशीन गेलं तर त्याच्या घरी तू पत्रक पाठवणार आहेस का?"

खरं बोलून माझं काहीच जाणार नव्हतं, मशीन भाऊंचं जाणार होतं. मी फोन स्पीकरवर ठेवला होता, सगळ्यांनी ऐकलं. सिंधूअक्काने पदराला हात पुसले.

"साहेब आंधळा शे का?" तिने विचारलं. "आज नई तं उद्या देखी. मंग?"

भटूभाऊंनी पायाने मातीचं एक ढेकूळ फोडलं. मग म्हणाले, "साहेबले मी सांगसू. पन पहिले हाई नीट करूत."

दुसऱ्या दिवशी सकाळी अख्खं वाकपाणी चढावर आलं. मी आजवर रस्त्यासाठी मोर्चे काढले, निवेदनं दिली, एकदा अधिकाऱ्यांच्या गाडीपुढे आडवीही पडले. रस्ता मोडायचं श्रमदान पहिल्यांदा करत होते. दाबलेली माती टिकावाने उकरायची. जुन्या वळणांवर पुन्हा वाट काढायची. बाकीच्या रुंदीत दगड टाकायचे, वर वाळक्या फांद्या आणि पाचोळा पसरायचा, म्हणजे पाणी अडेल आणि गवत धरेल. तिरक्या पुन्हा गाडायच्या. हे सगळं हातांनी.

अर्ध्या तासात भटूभाऊ माझ्याजवळ आले. घामाने भिजलेले, तळहाताला फोड. मशीनच्या दांड्यांची सवय असलेला हात, टिकावाला नवा. हळू आवाजात म्हणाले, "ताई, मशीन लावू का? तासभरमा मोडी देसू."

मी खाली ठेवलेल्या टिकावाकडे बोट दाखवलं. भाऊ परत कामाला लागले. शेजारच्या बायकांनी ऐकलंच होतं, त्या हसून हसून खाली बसल्या. त्यानंतर दिवसभर जड दगड दिसला की कुणी तरी ओरडायचं, भटूले बलावा, मशीन लई ये.

हिलालआबा गावातले सगळ्यात म्हातारे. ते काम करायला नाही, काम बघायला आले होते. सावलीत बसून सगळं बघितलं आणि मला बोलावलं.

"पोरी, तूच ना ती? 'गावाला रस्ता द्या' म्हनीसन कागद वाटेल?"

"मीच, आबा."

"जिंदगीभर रस्ता मांगा. आते भेटना तं मोडी ऱ्हायनूत."

मला लागलं. मी बाजू मांडायला लागले. वाकपाणीला हवा तो रस्ता वेगळा, गावापासून हायवेकडे जाणारा. दवाखान्याची गाडी त्यावरून यायला हवी. त्यासाठी मी उद्याही भांडेन. "हा रस्ता कुठेच जात नाही, आबा. टेकडीवर चढतो आणि संपतो."

"मंग सरकारी रस्तासारखाच शे," आबा म्हणाले आणि बिडी पेटवायला लागले. मी त्यांच्या हातातून काडीपेटी काढून घेतली. भोवती वाळका पाचोळा होता. आबांना ते आवडलं नाही. मला त्यांचं वाक्य आवडलं, पण तेव्हा कबूल केलं नाही.

दुपारी ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी आणि ठेचा झाला. दिवस कलला तेव्हा वाट पुन्हा वाटेसारखी दिसत होती. नवी तिरकी अक्का स्वतः पायाने ढकलून बघत होती. हलली तर उपटून पुन्हा. फक्त कापलेला काठ झाकता येत नव्हता. मशीनच्या बकेटचे दात त्यावर कंगव्यासारखे उठले होते. कुणी तरी म्हणालं, यावर फांद्या लावू. भटूभाऊच नको म्हणाले.

साहेब आले. गाडी गावातच ठेवली आणि पायी निघाले. पहिल्याच वळणावर त्यांनी गुडघ्यावर हात ठेवला. दुसऱ्या वळणावर दगडावर बसले, पाणी प्यायले. भटूभाऊंनी माझ्याकडे असं बघितलं, की बघा, मी सांगत नव्हतो? मी नजर दुसरीकडे फिरवली. साहेबांनी तिरक्या बघितल्या, एकीवर बूट आपटून पाहिला, मान हलवली. मग काठासमोर थांबले. दातांच्या खुणांवरून बोट फिरवलं.

"हा काठ कुणी कापला?"

भटूभाऊ पुढे झाले. "मी, साहेब. मशीननी."

"जंगलात? कुणी सांगितलं?"

सरांचं नाव घ्यायला ती जागा चांगली होती. सर मागेच उभे होते आणि अचानक अंजनाच्या पानांकडे बघायला लागले होते.

"कोणी नई," भाऊ म्हणाले. "तुमी पायी कसा येशात, म्हनीसन."

साहेबांनी एकदा चढाकडे बघितलं, एकदा आपल्या गुडघ्यांकडे. त्या क्षणी त्यांना तो रस्ता हवा होता हे आम्हा सगळ्यांना दिसलं. त्यांनाही ते कळलं असावं, कारण आवाज एकदम सरकारी झाला. मग मी बोलले. काय मोडलं, काय आणि कसं परत केलं, काय परत करता येत नाही, सगळं सांगितलं. सिंधूअक्काने मध्ये एकच वाक्य घातलं, की साहेब, माती उतरली तर खाली पहिलं शेत माझंच आहे, मी कशाला खोटं बोलू.

निकाल तिथेच मिळाला. गुन्हा नोंदला जाईल, दंड होईल. कबूल केलं आणि पहिलीच वेळ आहे, म्हणून मशीन जप्त होणार नाही. पुन्हा दिसलं तर होईल. काठावर गवत धरेपर्यंत चढ बंद. पावसाळ्यानंतर परत पाहणी, तिरक्या टिकल्या तर परमिशन पक्की. तोवर चालणाऱ्यांनी नाल्याकडेच्या गाडवाटेने जायचं. लांब पडते, पण वाकपाणीतूनच जाते. म्हणजे अक्काची चूल वाचली. ठरलेला ग्रुप आला, वाढीव चाल पडल्यामुळे दुप्पट जेवला.

दंडासाठी वर्गणी काढू म्हटलं तर भटूभाऊ चिडले. "मशीन मनं, चूक मनी, दंड बी मना." उन्हाळाभर संध्याकाळी कॅनने पाणी आणून ते काठावर घालायचे. त्यांच्या बायकोचं म्हणणं होतं, घरच्या तुळशीला कधी तांब्याभर घातलं नाही.

पावसाळा झाला. साहेब पुन्हा आले, या वेळी काठी घेऊन. काठावर गवत होतं. सगळ्यांत खालची तिरकी सरकली होती, बाकीच्या जागेवर. अक्काच्या शेतात माती उतरली नव्हती. परमिशन पक्की झाली. त्या हिवाळ्यात चढावरून पहिला ग्रुप उतरला, तेव्हा अक्काच्या अंगणात वांगी भाजली जात होती आणि भटूभाऊ पुऱ्या लाटायला बसले होते. हाताने.

या प्रकरणातून समिती शिकली. पाहणीची तारीख आता टप्प्यांना कळवत नाही. आणि प्रत्येक सूचनेत पहिलं वाक्य लिहितो, "वाटेवर जेसीबी आणू नये." मागच्या महिन्यात यावलकडच्या टप्पाप्रमुखांचा फोन आला. सूचना वाचली म्हणाले, एकदम मान्य, जेसीबीचं नावही काढणार नाही. फक्त विचारायचं होतं, ट्रॅक्टर चालेल का.