निवलेली कॉफी

हनादीने माझ्या दोन्ही हातांची चाळण केली होती. मी करक गावातला निवृत्त शाळामास्तर, तिच्या बापाचा शेजारी, आणि रक्त काढायचा सराव करायला तिला फुकटची शीर हवी होती. "काका, मूठ आवळा," म्हणायची आणि माझं उत्तर यायच्या आत सुई आत. पहिल्या महिन्यात माझे हात वांग्यासारखे काळेनिळे झाले. सहाव्या महिन्यात सुई कधी गेली ते कळेनासं झालं.

पोरीने प्रयोगशाळेच्या कामाची पदवी घेतली त्याला तीन वर्षं झाली होती. एकेचाळीस ठिकाणी अर्ज. सगळीकडे एकच प्रश्न, दोन वर्षांचा अनुभव आहे का? नोकरीच कुणी दिली नाही तर अनुभव काय ती झाडावरून तोडून आणणार होती? दुसरा प्रश्न त्याहून वाईट, तू कुणाकडून आलीस? ती म्हणायची, "बसने आले." मग दार बंद. आणि एकदा खरंच मुलाखतीला बोलावलं तर हिचा आवाजच फुटेना, नुसती हातातली पिशवी चुरगाळत बसली आणि रडत घरी आली.

दुसरी कुणी असती तर लग्न करून मोकळी झाली असती. ही गावच्या दवाखान्यात गेली आणि वर्षभर बिनपगारी राबली. संध्याकाळी तिचा बाप खलफ आपली मिनीबस दारात लावायचा, तेव्हा रिकाम्या बसमध्ये मुलाखतीची तालीम चालायची. खलफ साहेब व्हायचा, ही उमेदवार.

"तुम्हालाच का घ्यावं आम्ही?" खलफ आरशातून दरडावायचा.

"कारण लहान पोराचं रक्त मी पहिल्या टोचणीत काढते. आणि जरा मोठ्याने विचारा बाबा, साहेब असे कुजबुजत नसतात."

हसून हसून माझं पोट दुखायचं.

मग डॉक्टर सामिह यांच्या खासगी प्रयोगशाळेत एक जागा निघाली. जागा एक, उमेदवार तेवीस. त्यांनी लेखी परीक्षा घेतली, प्रत्यक्ष काम करून घेतलं. हनादी तिथून परत आली ती उड्या मारतच. पण आठवडा गेला, दुसरा गेला, निरोप नाही. ती जेवेना. आणि तिथे मी, अबू नायफ, ज्याला कुणी विचारलं नव्हतं, त्याने नाक खुपसलं.

खलफला म्हटलं, "असं हातावर हात ठेवून कशी मिळेल? आपण जाऊ. कॉफी ठेवू."

आमच्याकडे मागणं असंच घातलं जातं. लग्नाचं असो, भांडण मिटवायचं असो. पाच-सात पांढऱ्या केसांची माणसं दिवाणखान्यात जाऊन बसतात, यजमान कॉफी देतो आणि म्होरक्या कप समोर ठेवून देतो. हो म्हणेपर्यंत घोट घ्यायचा नाही. पाहुण्याची कॉफी घरात निवली तर यजमानाचं नाक कापलं गेलं.

बुधवारी दुपारी आम्ही सातजण डॉक्टरांच्या घरी गेलो. हनादीला सांगितलं नाही, तिने जाऊच दिलं नसतं. मी कप ठेवला. डॉक्टर सामिह माझ्याकडे पाहत राहिले. काहीतरी बोलणार होते, पण थांबले, आणि कसनुसं हसून म्हणाले, "घ्या अबू नायफ, कॉफी घ्या. तुमचं मागणं मंजूर झालंय."

आम्ही छाती फुगवून परतलो. खलफच्या दारात हनादी उभी होती, हातात कुनाफा मिठाईचं खोकं, चेहरा नुसता फुललेला.

"बाबा, काका, मी पहिली आले, नोकरी लागली! सकाळी दहालाच निरोप आला, रविवारी आठवडा सुरू झाला की कामावर हजर. तुम्हाला गोड भरवून मगच सांगायचं ठरवलं होतं मी."

 सकाळी दहाला! आणि आम्ही दोन वाजता तेच मागायला गेलो होतो.

खलफने अडखळत सगळं सांगितलं. ती ओरडली नाही. तिच्या हातातलं खोकं हळूहळू तिरपं होत गेलं आणि पाक पायऱ्यांवर ठिबकायला लागला.

संध्याकाळी आम्ही सातजण खलफच्या बैठकीत असताना डॉक्टरांचा फोन आला. तिने तो सगळ्यांना ऐकू येईल असा लावला. "हनादी, काल शेख मिफ्लेह त्यांच्या पुतणीसाठी कॉफी ठेवायला आले होते. मी त्यांची कॉफी निवू दिली. म्हटलं, माझ्याकडे फक्त परीक्षा चालते. आज तुझ्या माणसांना मी घ्या म्हणालो, कारण जागा तुझीच होती. आता शेखची माणसं दारात उभी आहेत. आमची निवली आणि यांची प्यायली गेली, ही कसली परीक्षा, म्हणतात. काय उत्तर देऊ? शब्द मोडल्याबद्दल तुझ्या वडीलधाऱ्यांची मी घरोघरी जाऊन माफी मागीन, पण तू रविवारी येऊ नकोस."

तीन वर्षं, एकेचाळीस अर्ज, आणि ते सगळं मी एका कपाने घालवलं होतं. मला तिच्याकडे बघवेना.

ती आत गेली. किटली घेऊन आली, आम्हा सातजणांना कॉफी ओतली, एक कप स्वतःसाठी भरला आणि पुरुषांच्या बैठकीत, बरोब्बर माझ्यासमोर बसली. कप जमिनीवर ठेवला.

खलफ ताडकन उठला. "हनादी! बायका हे करत नाहीत!"

"माझं मागणं आहे, अबू नायफ," ती म्हणाली. काका नाही म्हणाली. "तुम्ही सगळ्यांनी शेख मिफ्लेहच्या दिवाणखान्यात जायचं. त्यांच्या माणसांसमोर सांगायचं की तुम्ही मागणं मागे घेतलं. सकाळचा निरोप दाखवायचा. हो म्हणेपर्यंत मी पिणार नाही."

साठ वर्षांत मी असलं काही पाहिलं नव्हतं. लेकीच्या वयाची पोर मला कॉफी ठेवते! राग आला, खोटं कशाला बोलू. ज्या शेखशी आमचं पिढ्यांचं वाकडं, त्याच्या दारी नाक घासायचं?  तिच्या कपातली वाफ संपली. आणि एकदम जाणवलं की ही कॉफी माझ्यामुळे निवतेय.

"पी पोरी," मी म्हणालो. "जातो."

शेखने हनादीचा फोन हातात घेऊन निरोप दोनदा वाचला. दहाची वेळ पाहिली. मग मला विचारलं, "म्हणजे तुम्ही सातजण मिळालेली नोकरी मागायला गेला होतात?"

"हो," मी म्हणालो.

पूर्ण दिवाणखाना हसला. पोट धरून हसला. मी मान खाली घालून ते सोसलं. शेखने डोळे पुसत तिथूनच डॉक्टरांना फोन लावला, "येऊ दे रे त्या मुलीला. तिच्या माणसांना अक्कल नाही, यात तिचा काय दोष?"

रविवारी हनादी कामावर गेली.

पाच महिन्यांनी मी तिथे साखर तपासायला गेलो. तिने पहिल्या टोचणीत रक्त घेतलं, कापूस दाबला आणि म्हणाली, "काका, बसा जरा, कॉफी आणते." मी पुन्हा काका झालो होतो. कप हातात आला. माझ्या खिशात मेहुणीच्या मुलीच्या प्रमाणपत्राची घडी होती. तिच्यासाठी जागा आहे का, सहज विचारून बघू, एवढंच मनात होतं.

 हनादी टेबलाकडे पाहत होती. मीही पाहिलं. माझ्या हाताने कप, मला न विचारता, भरलेलाच तिच्यासमोर ठेवला होता.

मी तो उचलला आणि जीभ पोळली तरी एका दमात प्यायलो.