खडीवरच्या दुपारची मोजणी

पौषात भास्करचं कार्ड आलं. "तुझ्या लेखातली बाई सापडली. मोजमाप सुरू केलं आहे. ये."

भास्कर म्हणजे माझा पाठशाळेतला सोबती. एकाच छडीखाली आम्ही शब्दांची रूपं घोकली. पुढे मी वर्तमानपत्राचा बातमीदार झालो आणि तो परदेशी जाऊन मनाचा डॉक्टर होऊन आला. मोजल्याशिवाय त्याला काही पटत नाही. लहानपणी तो मोदकसुद्धा मोजायचा, मात्र माझ्या पानातले.

आणि बाई म्हणजे दुष्काळी कामावर खडी फोडणारी एक शेतमजूर. दुष्काळाच्या साली मी वऱ्हाडात हिंडत होतो, तेव्हा तिनं मला एका दुपारची हकिगत सांगितली होती. महिन्यापूर्वी तिची लेक गेली होती, घास गिळवत नव्हता. भर उन्हात तिनं हातोडा उचलला आणि गोटा, हात, ऊन, शेजारची बाई, सगळं एकच झालं. कुणाचं काय ते कळेना. मुकादमानं हाक मारल्यावर ती भानावर आली, त्या दिवशी कामावर मिळणारी सुकडी पोटभर खाल्ली, आणि तेव्हापासून तिचं भय गेलं. मी तिच्यावर लेख लिहिला, त्यात दोन संस्कृत श्लोक खोचले आणि वाचकांची शाबासकी घेतली. तोच लेख घेऊन भास्कर तिच्या दारात पोचला होता. म्हणून निघालो.

जाणाऱ्यांसाठी सांगतो. अकोल्याला रेल्वेनं उतरा, मंगरूळपीरची एस.टी. धरा आणि शेलूबाजारला उतरा. मागच्या बाकावर बसू नका. तिथे बसलेला माणूस उतरताना ओळखू येत नाही, इतकी धूळ. स्टँडसमोरच्या हॉटेलात आलुबोंडा गरम मिळतो, चहा इतका गोड की पुढचे दोन कप फुकट घेतल्यासारखं वाटतं. तिथून आत जायला जीप. दहा जणांची जीप चौदा झाल्याशिवाय हलत नाही, आणि चौदावे आपणच असलो तर आपले पाय बाहेर.

"मोजणीवाल्या सायबाकडे चालले काय?" ड्रायव्हरनं विचारलं.

"हो. कसली मोजणी चाललीय?"

"आमाले वाटलं वावराची. आमच्या बुढ्यानं सातबारा काढून ठेवला. तं सायेब इचारते, तुमी सुखी हा काय. आता हे कोन्या खात्याचं काम हाये, तुमीच सांगा."

भास्करनं मुक्काम ठोकला होता बंद पडलेल्या जिनिंगच्या शेडमध्ये. कापूस गेला होता, वास राहिला होता. टेबलावर छापील फॉर्म, साठ प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते पाच गुण. बाई समोर चटईवर बसली होती. मला पाहून म्हणाली, "आले काय, भाऊ? वाळले तुमी." एवढं कुशल झाल्यावर परीक्षा पुढे सुरू.

"सर्व वस्तू एकच आहेत असं वाटलं का?" भास्करनं वाचलं. "शून्य ते पाच."

"पाच कायचे?"

"पाच म्हणजे पूर्ण."

बाईनं विचार केला. "समदं एकच होतं, तं एकच लिवा."

भास्करनं पाच लिहिले आणि मला समजावलं, की असे उमेदवार भेटतातच.

रात्री सोल्याची भाजी होती, तुरीचे ओले दाणे वाटून केलेली, आणि ज्वारीची भाकर. पौषात तिकडे जाल तर एवढ्यासाठी जा. जेवताना त्यानं बेत सांगितला. त्याच्याजवळ परदेशातून आणलेल्या बारीक गोळ्या होत्या. घेतली की काही तास माणसाचं मीपण विरघळतं. मरणाच्या दारातली माणसं ती घेऊन शांत झालेली त्यानं पाहिली होती. उद्या बाईला एक द्यायची आणि दोन्ही अनुभवांचे गुण ताडून बघायचे.

"कशासाठी?"

"अरे, हजारांत एखादीला उन्हात मिळतं, ते सगळ्यांना मिळालं तर? तुझ्या ऋषींना परवडत होती तपं. बाकीच्यांनी काय करायचं?"

प्रश्न खोटा नव्हता. त्या आजाऱ्यांना गोळी दिली याचं मला वाईट वाटत नव्हतं. मरताना कुणाला धीर आला तर श्लोकवाल्यांनी नाक मुरडू नये. मी म्हणालो, "मग ज्याला दुखतंय त्याला दे. हिला काय झालंय?"

"तिचं जे झालं ते उपास आणि ऊन असू शकतं. तिलाही कळायला नको?"

"तू हे तिला बोललास?"

"अर्थात. शास्त्रात लपवाछपवी नसते."

सकाळी मी तिच्या अंगणात गेलो. ती तुरीच्या शेंगा सोलत होती.

"साहेबाची गोळी घेणार का?"

"सायेब म्हणते, ते पुन्हा येईन. पुन्हा आलं तं पाहाव वाटते." मग हात थांबला. "भाऊ, तुमी शिकेल हा. त्या गोळीनं तसंच आलं, तं माहं पह्यलं खोटं होते काय?"

इतकी वर्षं मी भाष्यं वाचली होती. खरं उत्तर होतं, "घेऊ नका." ते मी दिलं नाही. कारण लाजिरवाणं आहे: काय होतं ते मलाही बघायचं होतं. मी म्हणालो, "तुमच्या मनावर आहे." सुशिक्षित माणूस हात झटकतो तो असा.

दुपारी तिनं गोळी घेतली. पहिला तास ती हसत होती, चटईच्या काडीवरून बोट फिरवत होती. मग म्हणाली, भिंत श्वास घेऊन राह्यली. मग दोन्ही हातांनी जमीन उकरू लागली आणि लेकीला नाव घेऊन हाका मारू लागली. भास्करनं तिचा हात धरला, मनापासून धरला, हे मी नाकारत नाही. दुसऱ्या हातावरचं घड्याळ मात्र त्यानं पाहणं सोडलं नाही. दिवे लागताना ती शांत झाली. साठ प्रश्न झाले. भास्कर खुशीत होता. "बहुतेक ठिकाणी पाच. साम्य ठळक आहे."

तिसऱ्या दिवशी निघण्याआधी मी पुन्हा गेलो. ती चुलीपाशी भाकर थापत होती. मी बसलो.

"पह्यले डोये लावले की ते दुपार याची," ती म्हणाली. "कधी भ्याव वाटलं, नाही तं लेकीची याद आली, की डोये लावो. आता लावले तं कालचं मधात येते. भिंत हालते, लेक रडते. दोनी मिसळले. कोनतं कोनतं, निवडता येत नाही."

"हळूहळू जाईल ते."

"तुमाले ठाऊक हाये?"

मी चुलीतलं लाकूड पुढे सारलं.

"नसन ठाऊक, तं नोका सांगू." तिनं भाकर तव्यावर टाकली. "ते खरं होतं का खोटं, हे मले कधी इचारा लागलं नव्हतं. तुमी लोकायनं इचारलं." मग मला भाकर दिली, ठेचा दिला, आणि उपाशी जाऊ नोका म्हणाली. त्या भाकरीइतकं जड मी आयुष्यात काही गिळलेलं नाही.

शेडवर जाऊन भास्करला म्हणालो, "तिचं काहीतरी हरवलंय."

त्यानं खरोखर फॉर्म उघडला. "कुठल्या प्रश्नात?"

तिथे मी त्याला जे बोललो ते पाठशाळेत शिकवत नाहीत. तो रागावला नाही. माझी चिडचिडही त्यानं टिपून घेतली असणार.

घरी आल्याला तीन महिने झाले. काल त्याच्या निबंधाचा कच्चा मसुदा आला. बाई आता "प्रयोज्य क्रमांक चौदा" आहे, आणि उन्हातला अनुभव व गोळीचा अनुभव "तुल्य" ठरले आहेत. सोबत विनंती, की आरंभाला शोभेलसा एखादा श्लोक सुचव. मी श्लोक पाठवला नाही. बाईचं वाक्य जसंच्या तसं लिहून पाठवलं: कोनतं कोनतं, निवडता येत नाही. त्याचं उत्तर लगेच आलं: वाक्य हृद्य आहे, पण त्याला रकाना नाही.

मला संताप येतो तो भास्करचा, आणि त्यातला निम्मा घरीच जिरवावा लागतो. तो मापपट्टी घेऊन गेला; पण वाट दाखवायला माझ्याच लेखाचं कात्रण त्याच्या खिशात होतं.

तुम्ही पौषात अकोल्याकडे जाल तर शेलूबाजारला जरूर उतरा. सोल्याची भाजी खा, जीपमध्ये पाय सांभाळा. पुढे कुठल्या गावाला जायचं ते या वेळी लिहिलेलं नाही. मागच्या लेखात लिहिलं होतं.