चौथी पाटी

१८ नोव्हेंबर १९५८. उजाडायच्या आत बंबातली राख चाळून डब्यात भरली. आट्यापाट्यांचं मैदान त्या आठवड्यात तिसऱ्यांदा आखावं लागणार होतं.

अकोल्याच्या मुलींच्या शाळेत मी भूगोल शिकवत असे आणि खेळही माझ्याकडेच होते. दहा दिवसांनी अमरावतीला सामने होते आणि नऊजणींची यादी दुसऱ्या दिवशी लावायची होती. शाळेत फक्की नव्हती, म्हणून घरची राख. मैदानात आडव्या नऊ पाट्या, मधून उभी एक. पाटी म्हणजे फूटभर रुंदीचा पट्टा. त्यात एक मुलगी उभी राहते. समोरच्या मुली हुलकावणी देऊन पाटी ओलांडतात आणि तिनं त्यांना शिवायचं असतं. शिवताना तिचा पाय पाटीत हवा. बाहेर गेला तर शिवलेलं धरत नाहीत.

त्या आठवड्यात दोनदा सकाळी बघितलं तर चौथी पाटी पुसलेली होती. बाकीच्या जशाच्या तशा.

"कुत्रं लोळलं असेल, बाई," आमची कप्तान म्हणाली. अकरावीतली, वकिलाची मुलगी. कुठल्याही प्रश्नाला तिच्याकडे उत्तर तयार असे.

"दोन्ही वेळा चौथ्याच पाटीत?"

"आवडली असेल त्याला."

मला ते पटलं नाही. चौथ्या पाटीत मी तेल्हाऱ्याहून आलेली नवी मुलगी उभी करत होते. घरी भाजीचा मळा. इथं मामाकडे राहून नववीत शिकत होती. मामा शाळेत येऊन मला सांगून गेला होता, "पोरगी तुमच्यासंग अमरावतीले गेली त परीक्षेपर्यंत ठेवतो. नाही त एस्टीत बसवून देतो. अभ्यासात त तिचा काही उजेड नाही."

त्याच पाटीवर कप्तानच्या मामेबहिणीचा डोळा होता. नव्या मुलींना खेळ शिकवायचं काम कप्तानकडे होतं, आणि शिकायला लागल्यापासून तेल्हाऱ्याची मुलगी बिघडतच चालली होती. शिवायची वेळ आली की मान खाली घालून आपल्या पायाकडे बघायची. तेवढ्यात समोरची पसार. हे कोणी शिकवलं म्हणून विचारलं तर म्हणाली, "ताईनं. ताई सांगते तसंच करून राहिली, बाई."

एवढं ऐकल्यावर मी मनातल्या मनात निकाल देऊन टाकला.

त्या दिवशी नेहमीपेक्षा तासभर आधी मैदानावर गेले आणि पाण्याच्या टाकीमागे उभी राहिले. कप्तान आणि मामेबहीण दोघींना एकदमच पकडायचं होतं. आली ती नवी मुलगी. हातात खुरपं. सरळ चौथ्या पाटीत बसली आणि माती उकरायला लागली.

"काय चाललंय?"

ती दचकली नाही. "पाटी खोदून राहिली, बाई."

"कावून?" 'का' म्हणायच्या ऐवजी माझ्याही तोंडून तिचीच बोली निघाली.

"आमच्या इकडे पाटी नांगराची असते. नांगरानं पडलेल्या तासात उभं राह्यलं की पायाले कड लागते, खाली पाहाच लागत नाही. राखेची रेघ पायाले समजत नाही. ताई म्हनते, रेघ पाहा. आता रेघ पाहू का समोरची पाहू?"

"मला का नाही सांगितलंस?"

"रेघा तुमीच आखता. तुमाले नाव कसं ठेवू?"

"आणि नंतर पुसून टाकत होतीस?"

"पुसत नव्हती. खोदून, उभी राहून पाहिली की तुमी येन्याच्या आत माती बुजवत होती. राख कुठून आनू?"

पकडलं की सगळ्याच मुलींकडे कारण असतं, म्हणून तिच्यावरचा माझा संशय तेवढ्यानं गेला नाही. पण कप्तानवरचा मात्र मागे घ्यावा लागला. रेघेवर नजर ठेव, हे तीन वर्षांपूर्वी तिला मीच शिकवलं होतं.

तोवर कप्तान आली. सगळं ऐकून म्हणाली, "बाई, अमरावतीला हिला कोण खोदून देणार आहे?"

"आपण इथे खोदू. रोज थोडी माती भरत जाऊ. जायच्या दिवसापर्यंत सपाट होईल."

"आणि तोवर हिचे पाय शहाणे होतील?"

"ताई, तुमी या न माह्या पाटीवर," नवी मुलगी म्हणाली. "मग पाहा."

दुसऱ्या दिवशी सकाळी राख चाळली नाही. घरून फावडं नेलं, चौथी पाटी चार बोटं खोल खणली, नव्या मुलीला त्यात उभी केली आणि कप्तानला सात वेळा तिच्यावर सोडली. कप्तान पाच वेळा शिवली गेली. माझं लक्ष सगळा वेळ नव्या मुलीच्या मानेवर होतं. ती एकदाही खाली गेली नाही. मग यादीत तिचं नाव लिहिलं, शिसपेनीनं, आणि तोंड पाडून उभ्या असलेल्या मामेबहिणीच्या हातात फावडं देऊन, बाकीच्यांच्याही पायांना पाटी कळावी म्हणून, तिला पाचवी पाटी खणायला लावली.