उष्टी नळी

सांगलीच्या दवाखान्यात दुर्बिणीनं पोट तपासायचं म्हणून मी सकाळपासून उपाशी बसलो होतो आणि माझा नंबर काही लागत नव्हता. सारखा उठून दारात डोकावत होतो. शेवटी सिस्टरवर खेकसलोच, "आधीचा मानूस कवाच बाहेर आलाय. मग मला का घेत न्हाई?"

"त्येच्या पोटातली नळी भिजतीय," ती म्हणाली. "आतनं ब्रशनं घासलीय, आता औषधात बुडवलीय. वेळ भरल्याबिगर काढणार न्हाई."

तो माणूस समोरच्याच बाकावर रुमालानं तोंड पुसत होता. जन्मभर मी कुणाच्या तांब्याला तोंड लावलं नाही, पाणी वरून पितो. आणि आता ह्याच्या पोटातली नळी लवकर घाला म्हणून भांडत होतो! अखेर माझं नाव पुकारलं, तशी शंका आली. माझ्या बडबडीनं बाईनं घाई तर केली नसेल?

तपासणी झाली. बाहेर आलो तर जतकडचा एक दांडगा गडी दार बडवत होता, "घ्या की लवकर, लय भूक लागलीय!"

घसा बधिर होता, तरी ओरडलो, "गप बस की गड्या! भिजू दे तिला. माझ्या पोटातनं आलीय ती."