शेवाळ आणि सरांचा आवाज

हर्सूलच्या आमच्या लॅबमध्ये एक ताई समुद्री शेवाळावर पीएचडी करायची. प्रवाळावरच्या शेवाळात नायट्रोजन लई निघाला, की तिथल्या पाण्यात खतं, सांडपाणी उतरलं समजायचं. दोन वर्षं समुद्रावर फिरून तिनं नमुने आणले होते.

एक दिवस सर नव्हते. मी त्यांच्या केबिनमध्ये शिरून त्यांच्याच आवाजात वरडलो, "ते शेवाळ बोरच्या पाण्यात भिजव गं!"

"व्हय सर," म्हणत तिनं सगळं भिजवलं. बोरात शेतातलं खत उतरलेलं. नमुने बाद.

दुसऱ्या दिवशी सर तापले, "मी कधी सांगितलं? काल मी लासूरला होतो!"

"पण सर, तुमचाच आवाज..." म्हणत ती रडायला लागली.

मी तिथंच उभा होतो. दुपारी कँटीनमध्ये तिचं रडणं हुबेहूब करून दाखवलं. पोरं लई हसली.